सगळ्या आया हलीमाखालाच्या

"कोनी सांगला? त्येचा नाव सांग."

"इथं असं चालत नाही," असं कोणी म्हणायचा अवकाश, हलीमाखाला हा प्रश्न टाकायची. दवाखान्यातल्या बाईला, बसच्या ड्रायव्हरला, शाळेच्या फाटकावरच्या माणसाला, कोणालाही. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेही हाच प्रश्न विचारताना. नवऱ्याच्या नोकरीपायी कोल्हापूर सोडून मी नुकतीच रियाधला आले होते. इमारतीच्या जिन्यात सुक्या बोंबलांचा असा काही वास सुटला होता की मी नाकाला ओढणी लावून, कोण हा प्रकार करतंय ते बघायलाच वर गेले. गच्चीच्या दारात काळ्या पायघोळ अबायातली एक बुटकी, रुंद बाई कमरेवर हात ठेवून उभी, आणि तिच्यासमोर आमचा हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, हातात कुलूप घेऊन घामाघूम. गच्चीवर मासे वाळवायला बंदी आहे, असं तो बिचारा सांगत होता.

"कोनी घातली बंदी?"

"मालकाने."

"फोन लाव त्येला. मी बोलतंय."

फोन लागला. मालकाला अशी काही बंदी घातल्याचं आठवतच नव्हतं. हारिसने कुलूप खिशात घातलं. मग बाई माझ्याकडे वळली. "नवीन काय गो तू? कुठली?" कोल्हापूरची म्हटल्यावर म्हणाली, "म्हन्जे मासे खायची अक्कल नाय. ये संध्याकाळी, शिकवतंय." माझा असा संताप झाला म्हणून सांगू! आणि संध्याकाळी मी गेले.

खाला दाभोळच्या खाडीकाठची. लग्न होऊन आली ती थेट इथे, दाऊदभाईंच्या मागोमाग. दाऊदभाई म्हणजे निव्वळ गरीब गाय. त्यांचं बत्ह्यात, रियाधच्या जुन्या बाजारात, कॅसेट आणि सीड्यांचं दुकान होतं. कागदावर ते अर्थातच कफीलचं, म्हणजे त्यांच्या सौदी जामीनदाराचं, कारण परदेशी माणसाच्या नावावर इथे दुकान होत नाही. खोटं कशाला बोलू, पुढच्या फळ्यांवरच्या सिनेमांच्या सीड्या सगळ्या चोरीच्या होत्या. आम्ही सगळ्यांनीच त्या पाहिल्या. शुक्रवारी दुपारी डबे घेऊन खालाच्या घरी जमायचं आणि मुंबईत अजून पडद्यावर असलेला सिनेमा मागच्या प्रेक्षकांच्या खोकल्यासकट बघायचा, हा आमचा रिवाज होता. दाऊदभाईंच्या दुकानाचा जीव मात्र मागच्या फळीत होता. पडद्याआडच्या त्या फळीवर आवाज ठेवलेले असत.

कोकणातल्या कित्येक आयांना लिहिता येत नाही. मुलगा आखातात. मग शेजारच्या घरातला टेपरेकॉर्डर आणायचा, घरातल्या सगळ्यांनी भोवती बसायचं, बोलायचं, आणि सुट्टी संपवून परतणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत ती कॅसेट धाडायची. असं वर्षानुवर्षं चाललेलं. यासाठी कोरी कॅसेट कोण विकत घेतंय? घरातली जुनी सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट घ्यायची, वरच्या दोन भोकांत कागदाचे बोळे कोंबायचे की झालं, तिच्यावर हवं ते भरता येतं. त्यामुळे बाहेर चित्र हिरो-हिरॉइनचं आणि आत आई. भरणाऱ्याला बटणाची घाई नसायची, म्हणून सुरुवातीला अर्धं कडवं गाण्याचंच वाजायचं. ते मधेच तुटायचं आणि मग "हालो, हालो... बोलू काय?" पुढे फोन आले, कार्डं आली. पण फोन ठेवला की संपला. कॅसेट पुन्हा लावता येते. आता त्या कॅसेटी जुन्या होऊन यंत्रात अडकायला लागल्या, म्हणून दाऊदभाई त्यांच्या सीड्या करून द्यायचे. हे खातं खालाचं होतं. कुणाची कॅसेट कुठली हे तिला तोंडपाठ असायचं, आणि ऐकून झाल्यावर "तुझी आय लई बोलते रे, सून पळून जाईल" असा शेराही ती मारायची.

शंकर तिच्याकडे असाच आला. गुहागरकडचा, कॅम्पात राहून पाइप जोडायचं काम करणारा. त्याची आई वारली तेव्हा कंपनीने त्याला सोडलं नाही. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, आणि साहेब म्हणाला, करार संपला की जा. आईला अग्नी चुलतभावाने दिला. त्याच्याजवळ आईची म्हणून एकच वस्तू होती, तिने दोन वर्षांपूर्वी भरून पाठवलेली कॅसेट. रोज ऐकून ऐकून तिचा आवाज ओढल्यासारखा यायला लागला होता. टॉवेलात गुंडाळून त्याने ती खालाच्या हातात दिली, आणि दिल्यावरही त्याचा हात तिथेच राहिला. खाला म्हणाली, "सोड रे. तुझ्या आयशीचा आवाज मी सांभाळतंय. जा, निवांत जेव." मी तिथेच कांदा चिरत बसले होते. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते कांद्याने आलं असं मी सांगितलं, आणि खालाने ते मुळीच मानलं नाही.

त्याच सुमारास माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, एक सुचलं. तो कॉम्प्युटरवाला. नुसत्या सीड्या कशाला, आवाज इंटरनेटवर टाकू या, म्हणजे जुबैलच्या कॅम्पातल्याला आणि रत्नागिरीतल्या बहिणीलाही ऐकता येतील. त्याने साधीशी साइट केली, ज्यांनी होकार दिला त्यांचे आवाज चढवायला लागला. आता प्रत्येकाला आपली कॅसेट ओळखू कशी यावी? लोक तर कॅसेट वरच्या चित्रावरूनच ओळखायचे. मग या शहाण्याने प्रत्येक आवाजाला लेबलावरच्या सिनेमाचं नाव दिलं! भारतातल्या एका संगीत कंपनीच्या माणसाला ती नावं दिसली. आपल्या सिनेमांची एवढी लांब यादी बघून त्याने तक्रार केली, आणि साइट ज्यांच्या यंत्रावर होती त्यांनी ती बंद करून टाकली. "एक तरी ऐकून बघा हो," असे मेल श्रीकांत पाठवत राहिला. एकानेही ऐकलं नाही. शंकरच्या आईची तर सीडीही अजून झाली नव्हती, साइटवर चढवणं दूरच.

आमच्या मराठी मंडळींचा एक ई-ग्रुप होता. एरवी त्यावर गणपतीची वर्गणी आणि जुना फ्रिज विकणे आहे, एवढंच यायचं. साइट बंद झाल्यावर तिथे जुंपली. आमचे मंडळाचे अध्यक्ष महाजन मोठ्या हुद्द्यावरचे, अभ्यासू गृहस्थ. त्यांनी लिहिलं की इंटरनेटवर फुकट मिळतं म्हणून आपण सगळे सर्रास उचलतो, गाणाऱ्याच्या आणि लिहिणाऱ्याच्या पोटावर पाय देतो, कायदा कडक झाला हे बरंच झालं. चुकीचं नव्हतं ते. पण दुसऱ्याने लिहिलं, न ऐकता बंद करण्याचा अधिकार कोणी दिला? तिसरा म्हणाला, भानगडीत पडू नका, इथे आपले मेलही वाचत असतील. मी रोज ते वाचून खालाला सांगायची. ती ऐकायची आणि बोंबील साफ करायची.

हे धुमसत असतानाच दुकानावर धाड पडली. तिचा साइटशी काही संबंध नव्हता. त्या दिवसांत बत्ह्यातल्या बऱ्याच दुकानांवर धाडी पडत होत्या. कॉपीराइटवाली माणसं आणि बरोबर पोलीस. त्यांनी पुढच्या फळ्या रिकाम्या केल्या आणि पडदा सारून मागचीही. "हे सिनेमे नाहीत, आमच्या घरचे आवाज आहेत," असं दाऊदभाई सांगत राहिले. एका शिपायाने कॅसेटीवरचा नाचणारा हिरो त्यांच्या तोंडासमोर धरला आणि सगळे हसले. पोत्यांत भरून माल गेला. दाऊदभाईंना बसवून ठेवून दुसऱ्या दिवशी सोडलं. जप्त माल रोडरोलरखाली चिरडतात, त्याचे फोटो पेपरात येतात, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

दाऊदभाई घरी आले तेव्हा खालाने त्यांना पाणीसुद्धा नंतर दिलं.

"शंकरची?"

"गेली."

ती खाली फरशीवर बसली. "मी शब्द दिलेला त्येला," एवढंच म्हणाली. मग उठली, मला म्हणाली, "तुझा तो कॉम्पुटर लाव. मी सांगतंय, तू लिही."

मी लिहिलं. तिच्या बोलीत, एक अक्षर न बदलता. "मी हलीमा. आमच्या दुकानात चोरीचे सिनेमे होते. मी पन बघितले, म्हन्जे मी पन चोर. त्येची सजा द्या, आमी भोगू. पन चोर धरायला आलेला मानूस दुसऱ्याची आय उचलून नेतो, त्येला काय बोलायचा? त्येला कोन धरनार? महाजनसाहेब, तुमच्या कायद्यात ह्या हाय काय?"

ग्रुप असा पेटला की विचारू नका. शुक्रवारी शहराबाहेर भाड्याने घेतलेल्या इस्तिराहात, त्या बागेच्या बंगल्यात, मंडळाची बैठक होती. तिथे हाच विषय निघणार म्हणून मी खालाला मुद्दाम घेऊन गेले. महाजन सौम्यपणे बोलले. कायदा चांगला, अंमलबजावणीत चूक झाली असेल, पण पोलिसांना जाब विचारणं आपल्याला परवडणारं नाही. "शेवटी आपण इथे पाहुणे आहोत," ते म्हणाले.

मागून खालाचा आवाज आला. "पाव्हना? पाव्हन्याचा पासपोर्ट कपाटात कोन ठेवतो?"

कोणीतरी फिसकन हसलं. महाजनांचा चेहरा उतरला. पण माणूस खोटा नव्हता. ते म्हणाले, "तुमचं खरं आहे, पण हे तुमच्यावरच बेतेल." खाला म्हणाली, "बेतू दे. ज्येची आय हाय त्यो बोलू शकत नाय. मना तोंड हाय."

दुसऱ्याच दिवशी ती पोलीस ठाण्यात जायला निघाली. बाईमाणसाने एकटीने जायची सोय नाही, म्हणून दाऊदभाईंना जवळजवळ ओढत नेलं. सोबतीला मी आणि श्रीकांत. दाऊदभाई वाटेत तोंडातल्या तोंडात दुआ म्हणत होते. मला भीती वाटली का? वाटली, चांगलीच.

टेबलामागे एक तरुण अधिकारी होता. खालाने सलाम केला आणि लगेच नाव विचारलं. त्याला इतकं नवल वाटलं की त्याने ते सांगून टाकलं, सालेह. "सालेह, बेटा," तिने सुरू केलं, मोडकी अरबी, मधे हिंदी, मधे कोकणी. पोती अजून कोपऱ्यात होती. एक तरी लावून बघ, म्हणाली. तो कंटाळला होता की तिला घालवायचं होतं, कोण जाणे, त्याने शिपायाला टेप आणायला सांगितलं आणि पोत्यातली वरची कॅसेट आत सरकवली.

ढोलक, बाजा, सिनेमाचं गाणं! ठाण्यातले सगळे हसायला लागले. एकाने तर ताल धरला. सालेहने बंद करायला हात पुढे केला तर खालाने आपला तळवा यंत्रावर ठेवला. "थांब," ती म्हणाली, चक्क मराठीत. खट्‌ असा आवाज झाला. गाणं तुटलं. "हालो, हालो... बोलू काय?" एक म्हातारी खोकली. मागे कोंबडा आरवला.

सालेहने विचारलं, "कोण ही?"

"उम्मी," खाला म्हणाली. माझी आई.

त्याने दुसरी लावली. गाणं, खट्‌, दुसरी म्हातारी, कुणाला तरी दरडावणारी. "ही?"

"उम्मी."

तिसरी तर रडत होती. "ही पण? किती आया आहेत तुला?"

"कुल्लु," खाला म्हणाली. सगळ्या. सगळ्या माझ्याच.

सालेहने खुर्ची तिच्याकडे सरकवली. त्या संध्याकाळपर्यंत आणि नंतरच्या दोन दिवसांत प्रत्येक कॅसेट यंत्रात गेली. गाणं तुटलं की ती खालाच्या बाजूला, नाही तुटलं तर पोत्यात. चोरीचा माल त्यांचा, आवाज आमचे, अशी तिने वाटणी केली आणि सरकारने ती मानली. मी हे डोळ्यांनी पाहिलं. दाऊदभाईंना तर विश्वासच बसेना, ते परत मिळालेल्या कॅसेटी हाताने चाचपत राहिले.

शंकरची त्यांत नव्हती. एक पोतं आधीच चिरडायला पुढे गेलं होतं.

आम्ही म्हटलं, एवढं मिळालं, पुष्कळ झालं. खालाला ते मान्य नव्हतं. दाऊदभाईंना सोबतीला दारात उभं करून ती दर आठवड्याला ठाण्यात जायला लागली. कॅसेट मिळणार नाही हे तिला कळत होतं, वेडी नव्हती ती. तिला हवं होतं ते एवढंच, की तुमच्या हातून हरवली, हे शंकरसमोर कोणीतरी म्हणावं. आणि नेमकं तेच कोणी म्हणेना. ती घरी येऊन नक्कल करून दाखवायची. "मी बोललंय, माझी कॅसेट दे. सालेह बोलतो, नाय. मी बोललंय, म्हन्जे हरवली. तो बोलतो, आमच्याकडे काय हरवत नाय. मी बोललंय, मग दे. तो बोलतो, नाय!" नक्कल करताना ती खूप हसायची आणि मग एकदम उठून कामाला लागायची.

मग कफीलने दाऊदभाईंना बोलावलं. ठाण्यातून त्याला विचारणा व्हायला लागली होती. कोण ही बाई, तुझ्या दुकानाची? म्हातारा वाईट नव्हता, पण घाबरला. हे आता खलास करा, म्हणाला, नाहीतर मी तुम्हाला कायमचं परत पाठवतो. त्याने इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द केला की इथली सगळी वर्षं एका सहीत संपणार होती. दाऊदभाई तिच्या हातापाया पडले. मीही तिच्याशी कडाक्याचं भांडले. "खाला, एका कॅसेटसाठी सगळा संसार उचलणार आहेस का?"

"एका? मानसाला आय किती असतात गो?"

"आणि दाऊदभाई? त्यांचं काय?"

रागाने म्हणा, दुःखाने म्हणा, तिने माझ्याकडे पाठ केली आणि भांडी घासायला घेतली. मला वाटतं त्या रात्री ती नवऱ्याशी बोलली असावी, कारण दुसऱ्या दिवशी दाऊदभाई स्वतःच म्हणाले, "जाऊ दे वहिनी. तिला नाय थांबवता येनार. आनि खरा सांगू? थांबवायची इच्छा पन नाय रायली." त्या पुढच्या आठवड्यात दाऊदभाई दारात थांबले नाहीत, दोघं बरोबर ठाण्यात आत गेली, आणि महिनाभरात कफीलने त्यांचा परतीचा शिक्का मारून घेतला.

निघायचा दिवस शुक्रवार होता. शंकरलाही सुट्टी, तो निरोपाला आला होता. संसार तीन पेट्यांत मावला. श्रीकांतने गाडी काढली, शंकर पुढे बसला, आम्ही मागे. मी रडून रडून तोंड सुजवून घेतलं होतं आणि खाला मला खुशाल सांगत होती की गच्चीचा हक्क सोडू नको. ठाण्याजवळ आल्यावर ती श्रीकांतला म्हणाली, "गाडी थांबव."

दाऊदभाई म्हणाले, "या अल्ला!"

सालेह टेबलाशीच होता. आम्ही सगळेच आत गेलो. ती त्याला म्हणाली, आज माझं विमान आहे, यापुढे मी येणार नाही, तुला माझा त्रास संपला. आता तरी बोल. त्याने दारातून बाहेर पाहिलं. गाडीच्या टपावर बांधलेल्या पेट्या दिसत होत्या. तो उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, ती कॅसेट आमच्याकडे आली होती. ती आमच्या हातून गेली.

"मना नको सांगू," खाला म्हणाली आणि तिने शंकरला दंडाला धरून पुढे केलं. "ह्येला सांग. शंकर नाव ह्येचा."

सालेहने सांगितलं, शंकरचं नाव घेऊन. आमच्या हातून गेली, मला माफ कर. शंकरला शब्द कळले नसतील, पण काय सांगितलं ते कळलं. तो मान हलवून मागे सरकायला लागला, कॅम्पातल्या माणसाला साहेबासमोर उभं राहायची सवय नसते. खालाने दंड सोडला नाही. ती सालेहला म्हणाली, "गेली ती गेली. काय गेलं, ते तरी इचार."

सालेहने विचारलं. शंकरने पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. मग त्याने डोळे मिटले आणि बोलायला लागला. आवाज त्याचाच, पण बोलण्याची ढब बाईची. "शंकरा, ह्या डब्यात काय बोलायचा रे, मना लाज वाटतंय. पाडी व्याली. कौलं परतून घेतली, आता गळत नाय. तुझा निळा शर्ट मी पेटीत ठेवलाय, कोनाला दिलेला नाय..." खाला वाक्यावाक्याला त्याचं अरबी करत होती, जमेल तसं. पाडीला अरबीत काय म्हणतात ते तिला येईना, तेव्हा तिने हाताने शिंगं करून दाखवली. टेबलाशी दोन शिपाई येऊन उभे राहिले होते. सालेह खाली बसला नाही.

दाऊदभाईंनी घड्याळ बघितलं. तिच्या अबायाची बाही ओढून म्हणाले, "हलीमा, चल आता. विमान चुकेल."

"चुकू दे," खाला म्हणाली. "त्येची आय बोलतेय."